खिडकीखालची जागा

आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या इमारतीला शंभर वर्षं झाली आणि त्या आनंदात हंबीररावांनी मला खिडकीखाली उभं राहायला बोलावलं.

हंबीरराव वाचनालयाचे अध्यक्ष. मनाने वाईट नाहीत, म्हणूनच जास्त संताप येतो. वाईट माणसाला दोन शब्द सुनावून मोकळं तरी होता येतं. हे घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "शालनताई, आपल्याकडं जुनी पद्धत हुती बगा. सांजच्याला एकजण खिडकीत बसून मोठ्यानं पेपर वाचायचा आनि भाईर लोकं ऐकायची. सोहळ्यात त्योच देखावा करायचा हाय. तुमचं आजोबा आकाराम तितंच असायचं न्हवं? मग तुमी फुडं उभ्या ऱ्हावा. घोंगडी आमी देतो."

घोंगडी देतो म्हणे. जन्म हायस्कुलात इतिहास शिकवण्यात गेला, याच वाचनालयाची मी आजीव सभासद, आणि आता घोंगडी पांघरून बाहेर उभी राहू?

"आजोबा बाहेर का उभे असायचे, ठाऊक आहे ना?" मी विचारलं.

"आता ते कशाला उकरायचं? चांगला दिवस हाय. पाटीवर बी झ्याक लिवलंय की." त्यांनी मोबाईलवर संगमरवरी पाटीचा फोटो दाखवला. 'या खिडकीतून वाचनालयाने सर्वांसाठी ज्ञानाची दारे उघडली.'

दार उघडलं असतं तर खिडकी कशाला लागली असती? कागदोपत्री ते उघडंच होतं. पण उंबऱ्याजवळ पेठेतली चार वजनदार माणसं ठाण मांडून बसत आणि आमच्या वस्तीतल्या माणसाची त्यांच्यासमोरून आत जायची छाती होत नसे. खिडकीच्या दगडालाही हात लावायची सोय नव्हती. पावसाचा थेंब पडला की वाचणारा म्हणायचा, "पाऊस आला," आणि खिडकी लावून घ्यायचा. पेपर भिजायला नको. माणसं भिजली तरी चालत होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आजोबांनी तिथेच उभ्याने ऐकलं, पलटणीत भरती निघाली आहे. कुठे आणि कधी, हे कानावर पडायच्या आत पाऊस आला आणि खिडकी लागली. दुसऱ्या दिवशी विचारायला गेले तर कालचा पेपर कोण शोधत बसणार म्हणून हाकलून दिलं. आजोबा जन्मभर दुसऱ्यांच्या उसात राबले. भरती झाले असते की नाही, मला माहीत नाही. पण रांगेत उभे तरी राहिले असते.

हे सगळं मी हंबीररावांना सांगितलं. म्हटलं, पाटीवर फक्त एवढंच लिहा, 'आत येऊ देत नव्हते म्हणून माणसं इथे उभी राहत.'

"पाटी झालीया कोरून," ते म्हणाले आणि चपला घालून निघाले.

सोहळ्याला मी गेले. देखावा जुन्या काळचा हवा, म्हणून मांडव नव्हता, खुर्च्याही नव्हत्या. पाहुणे आणि कमिटीची मंडळी हौसेने घोंगड्या खांद्यावर टाकून खिडकीखाली उभी होती. शेजारी पाटीवर भगवा पडदा. माझी घोंगडी पायरीवर घडी करून ठेवली होती. ती ओलांडून मी दारातून सरळ आत गेले.

पेपर वाचणारे गृहस्थ अजून आरशासमोर फेटा बांधत होते. ग्रंथपाल दीपाने त्या दिवशीचा पेपर खिडकीतल्या उंच स्टुलावर ठेवला होता. तो उचलून मी स्टुलावर बसले. दीपाने माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या माझ्या बाजूला सरकवला.

बाहेर टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमात गोड बदल केला आहे. मी वर्गातल्या आवाजात वाचलं, "उद्यापासून तीन दिवस शहराच्या काही भागांत पाणी येणार नाही." बाहेरची कुजबुज थांबली. पाण्याची बातमी म्हटली की आमच्या गावात सगळ्यांचे कान टवकारतात. "ते भाग पुढीलप्रमाणे," मी वाचलं आणि मान वर केली. हंबीरराव सगळ्यांत पुढे, कानामागे हात धरून उभे होते. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता.

"पाऊस आला," मी म्हटलं आणि खिडकी लावून घेतली.

आधी हशा पिकला. मग खिडकीवर थापा पडू लागल्या. "ओ बाई, कुटलं भाग? आमची पेठ हाय का न्हाय त्यात?" मोबाईलवर बघता आलं असतं, पण चिडलेल्या माणसाला ते सुचत नाही.

थोड्या वेळाने हंबीरराव लालबुंद होऊन आत आले. "असं निम्म्यात सोडत्यात व्हय? लोकं उनात उभी हायती की."

"आजोबाही उभेच होते. त्यांनाही निम्म्यातच सोडलं. तुम्ही निदान दारातून आत येऊन विचारताय."

त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली, ती कुठे ठेवावी हे त्यांना कळेना. पाटीवरचा पडदा त्या दिवशी कुणी ओढला नाही.

आता कमिटीतली माणसं गावभर सांगतात, शालनताईंनी सोहळा नासवला. नासवलाच. पाटी बदलेपर्यंत दर वर्षी नासवीन.