नौमानची जागतिक स्पर्धा आणि उकंडरावांची फरदड

हे झालं दोन हजार सतरा साली. कपाशीच्या बोंडाबोंडात गुलाबी अळी निघाली ते वर्ष. आमच्या धाड गावात कुणालाही विचारा.

फातिमा माझी चाळीस वर्षांपासूनची शेजारीण. तिचा नौमान सहा वर्षं कुवेतला दुकानात नोकरीला होता. तिथून तो बॅकगॅमन शिकून आला. दोन फासे, पंधरा-पंधरा सोंगट्या. आमच्या सारीपाटाचा परदेशी राहणारा चुलतभाऊच म्हणा. हा खेळ फोनवर खेळतात, आणि नौमाननं त्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धाच मांडली. अकरा देश, बत्तीस खेळाडू, आणि कचेरी म्हणजे वडिलांच्या बी-बियाण्याच्या दुकानातलं मागचं टेबल. वडील सईदभाई एवढंच म्हणाले, "पैसा लागला तर फासे अन् तू, दोघंही बाहेर."

बाहेरदेशच्या एका क्लबनं नौमानला शब्द दिला होता. फायनल नीट पार पडली, तर पुढचं सगळं काम त्याला, तेही घरी बसून. नाहीतर जानेवारीत परत कुवेत. फातिमा नमाजात काय मागत होती ते सांगायला नको.

घोळ पहिल्याच दिवशी झाला. दुकानाचा 'बोंडअळी मदत' हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नौमानच सांभाळायचा. घाईत त्यानं बत्तीसही खेळाडू त्यातच घातले. सकाळी आमच्या गल्लीतल्या उकंडरावांनी चिरलेल्या बोंडातल्या अळीचा फोटो टाकला. डेन्मार्कच्या एका बाईंनी विचारलं, हा डाव कोणता? कुणी पटाचा फोटो टाकला, तर ग्रुपातले शेतकरी किसनराव लिहितात, "हे औषध एका पंपाले किती टाकाचं?"

नौमाननं नवा ग्रुप केला. एकतीस जण तिकडे गेले. तुर्कस्तानचा केमाल मात्र हलेना. तो घरचा कापूसवाला, ही अळी भोगलेला. फोनवर भाषांतर करून करून त्याचं आणि उकंडरावांचं आठ दिवस जुंपलं. केमाल म्हणे, झाडं उपटा, नाहीतर अळी पुढच्या वर्षी तिथेच. उकंडराव फरदडवाले, म्हणजे वेचणी संपली तरी कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीला पाणी देऊन आणखी कापूस काढणारे.

आणि हाच केमाल फायनलला पोचला.

फायनलच्या दिवशी दुपारी चारला त्याच्यासमोर खेळणाऱ्या त्याच डेन्मार्कच्या बाई फोनवर पटाशी येऊन बसल्या. केमालचा पत्ता नाही. पंधरा मिनिटांत आला नाही तर सामना बाद.

"अम्मी, तो उकंडकाकाले उत्तर लिहून राह्यला," नौमान रडवेला झाला. "माहा फोनच नाही उचलत."

फातिमानं चप्पलही घातली नाही. तिच्यामागे मी. उकंडराव ओट्यावर फोनमध्ये डोकं खुपसून बसलेले.

"भाऊ, सोडा त्या माणसाले!"

"मी का बांधून ठेवलं? तोच ऐकून नाही राह्यला."

"मंग तुम्ही ऐका. हाव म्हणा."

"काऊन म्हणू? तुर्कस्तानातून मले शेती शिकवते!"

मी म्हटलं, "यायनं जन्मात कोणाले हाव म्हटलं नाही. लग्नाच्या वक्ती शालूबाईलेही नसंन म्हटलं."

"नाहीच म्हटलं," आतून शालूबाई बोलल्या. "मीच आली."

फातिमा ओट्यावर बसली. "पोरगं जाईन हो माहं. सहा वर्षं त्याचं तोंड फोनातच पाह्यलं."

उकंडरावांनी तिच्याकडे पाहिलं, आणि शिवी लिहावी तसं लिहिलं: हाव. उपटतो.

पलीकडून अंगठा आला. चौदाव्या मिनिटाला केमाल पटावर होता. पाऊण तासात हरला, पण खुशीत. दुसऱ्या दिवशी उकंडरावांना निरोप: फोटो पाठवा. मग रोजच. उकंडराव शब्दाचे पक्के. तीन एकर पऱ्हाटी उपटली आणि एकेका फोटोखाली लिहिलं, "घे."

डेन्मार्कच्या बाईंनी पुढे दोनदा स्पर्धा जिंकली. सईदभाई वारले, दुकान आता नौमानची बायको आसमा बघते, आणि अळीचा ग्रुपही. उकंडरावांनी पुढच्या साली सोयाबीन पेरलं. केमालला त्यातलं काही कळत नाही, तरी दोघं भांडतात. शालूबाई लेकीकडे उंद्रीला गेल्या की ते भांडण जरा जास्त चालतं.

नौमान कुवेतला गेला नाही. फातिमा रोज माझ्याकडे येऊन कुरकुरते, "दिवसभर घरातच राह्यते हे पोरगं. कुठं जात काऊन नाही?"