तंबाखूच्या डबीतल्या गोळ्या

गडचिरोलीतल्या भाड्याच्या खोलीत रुबीना आणि दिव्यानी राहायच्या. रुबीना वडशाच्या अयूब टेलरची पोरगी, दिव्यानी एटापल्लीकडच्या रामाजी शेतकऱ्याची. दोघी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. एटापल्लीकडे हिवताप म्हणजे घरचाच पाहुणा. त्याला आमंत्रण लागत नाही. म्हणून दिव्यानी गावाहून तांदळासोबत तंबाखूच्या जुन्या डबीत गोळ्या आणायची. अंग तापलं की दोन गिळायची, घाम फुटला की झाकण बंद. "सरल्या तं मंग?" म्हणायची. अशी ही काटकसर!

या वेळी घाम फुटलाच नाही. तिसऱ्या सकाळी ती रुबीनालाच "माय" म्हणून हाका मारू लागली आणि दुपारी त्याही थांबल्या. रुबीनाच्या तोंडचं पाणी पळालं. 'घरी सांगू नको, बाबा कालेज सोडवतीन,' अशी शपथ दिव्यानीने घातली होती आणि ही शहाणी ती पाळत बसली होती. घरमालकीण अंजनाबाईंनी रिक्षा आणली. जाता जाता रुबीनाने एटापल्लीच्या बसच्या कंडक्टरजवळ रामाजींसाठी चिठ्ठी दिली.

दवाखान्यात रक्त तपासलं. ताप मेंदूत चढला होता.

"आधी गोळ्या किती घेतल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

रुबीनाने डबी पुढे केली. डॉक्टर कडाडले, "अर्ध्या गोळ्यांनी हिवताप दबतो फक्त, जात नाही!"

सलाईन लागलं. रुबीना येतील तेवढ्या दुआ पुटपुटत खाटेशी बसून राहिली. दिव्यानी मेली तर ती आपल्या गप्प बसण्यानेच, या भीतीने तिने रात्रभर डोळा मिटला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रामाजी आले. भर उन्हात अंगावर चादर. त्यांनी कपाळावर हात ठेवताच दिव्यानीने डोळे किलकिले केले.

"बाबा, कालेज..."

"कालेज कुठी पळून जाते? तू बरी हो आदी." त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून रुबीनाच्या हातात दिली. "डबीत भर हे. मलेबी ताप हाये, पन मी दोनच खाल्ल्या. बाकीच्या पोरीसाठी. आमी दरवेळी असंच करतो."

त्यांचा हात तव्यासारखा भाजत होता. रुबीनाने घाईने विचारलं, "आन् काकूनं, काका?"

"पोरीच्या मायनं, भागीरथानं तं एकबी नाई खाल्ली," रामाजी कौतुकाने म्हणाले. "परवापासून निजूनच राह्यली. निघताना हाक मारली, तं येडी मलेच 'माय' म्हणे."

रामाजी हसले. रुबीनाला दिव्यानीची तीच हाक आठवली. तिने ओरडून डॉक्टरांना बोलावलं, रामाजींचा हात त्यांच्या हातात दिला आणि एटापल्लीची बस सुटायच्या आत गाठायला ती अनवाणीच स्टँडकडे धावत सुटली.