दांड्याला बांधलेला धागा

अंबादासने आपली जुनी पिकअप दशरथला विकली, तेव्हा तिचा मीटर दोनदा पलटी होऊन पुन्हा शून्यावरून निघाला होता. लष्कराच्या लिलावातली गाडी, चारही चाकांनी जोर लावणारी. नऊ वर्षं त्याने ती दगडाच्या खाणीत हाकली होती, आता गुडघे गेले म्हणून सोडत होता. त्याने काही लपवलं नाही. ब्रेक दाबला की डावीकडे ओढते, डावा दरवाजा उचलून लावायचा, रेडिएटरला रोज पाणी. शेवटी गिअरशेजारच्या आखूड दांड्यावर हात ठेवून तो म्हणाला, "हा फोर-व्हीलचा. ह्याच्यासाठीच घेतोस ना? मग आठवड्यातून एकदा मऊ मातीत ने, हा टाक, दहा-वीस पावलं चालव. नाहीतर जाम होईल."

"तू मला मशीन शिकवतोस?" दशरथ म्हणाला.

अठरा वर्षं गिरणीत फिटर होता तो. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणी उघडली नाही, पण फिटरची ऐट कुठे जाते? दर रविवारी दहिसरच्या चाळीसमोर तो गाडीखाली आडवा व्हायचा. ग्रीस भरायचा, ऑइल बोटावर घेऊन वास घ्यायचा, नटबोल्ट एकेक करून आवळायचा. रत्नप्रभेला सवत आली, असं चाळीतल्या बायका म्हणायच्या. रत्नप्रभाही हसायची, कारण तीन वर्षांनी नवऱ्याच्या हाताला पुन्हा ऑइलचा वास येत होता.

दांड्याला मात्र त्याने हात लावला नाही. वापरलं की झिजतं, आणि त्याचे पार्ट आता चोरबाजारातही मिळायचे नाहीत. खऱ्या कामाला राखून ठेवू, असा त्याचा हिशेब. खंडेनवमीला गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि गिरणीतल्या रिवाजाप्रमाणे लाल धागा बांधला. बांधला तो नेमका ह्या दांड्याला, दुसरं टोक सीटच्या पायाला.

"हा धागा तुटता कामा नये गो," त्याने बायकोला बजावलं.

धागा तुटला नाही. चार महिने दशरथ नाक्यावर उभा राहून विटा, रेती, कुणाच्या बिऱ्हाडाचं सामान असं मिळेल ते वाहत राहिला. रोज सुटण्याआधी धागा बघायचा आणि खूश व्हायचा.

फेब्रुवारीत मढहून राजारामचा निरोप आला. राजाराम शूटिंगवाल्यांना बंगले लावून द्यायचा. किनाऱ्यावर शूटिंग असलं की लाइटचं सामान पुळणीवर न्यायला गाडी लागायची, आणि साधे टेम्पो तिथे रुतून बसायचे.

"सामान टाकून गाडी आपल्या पायांनी वर आणलीस, तर वर्षभराचं काम तुझं," राजारामने सांगितलं.

पुन्हा नाक्यावर उभं राहायला नको. दशरथला त्या रात्री झोप लागली नाही.

सामान उतरेपर्यंत सगळं झकास. परत वळताना मागची चाकं ओल्या वाळूत बसली आणि भरती तर लागलीच होती. दशरथ मुळीच घाबरला नाही. ह्याच क्षणासाठी तर राखून ठेवलं होतं. त्याने धाग्याची गाठ हळुवार सोडली, धागा खिशात ठेवला आणि दांडा ओढला. दांडा हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला. पान्याने ठोकला. लाट पुढच्या चाकांना लागून गेली.

शेवटी जाळी बाजूला ठेवून कोळी आले. होडी ओढायचा दोर बांधून वीस-बावीस माणसांनी गाडी वर काढली. राजारामने दुसऱ्या गाडीला निरोप तेवढ्यात धाडलाही होता.

दुसऱ्या दिवशी अंबादास दुखऱ्या गुडघ्यांनिशी गाडीखाली शिरला. रॉकेल, हातोडी, पुन्हा रॉकेल. दुपारी दांडा सुटला तेव्हा खालून गंजाची पूड पडली. 'मी सांगितलं होतं' असं तो एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर दशरथला बरं वाटलं असतं.

रत्नप्रभा दोघांना चहा घेऊन आली. दशरथच्या खिशातून लोंबणारा लाल धागा तिला दिसला. अख्खा होता, रंगही गेला नव्हता.

"अहो, गिरणीत हा किती दिवस टिकायचा?" तिने सहज विचारलं.

"टिकतोय कसला! दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीलाच तुटायचा. मशीन चालू झालं की..."

तो थांबला. संपानंतर दोन वर्षांनी तो सर्टिफिकेट आणायला गिरणीत गेला होता. आपल्या खात्याच्या बंद दाराच्या जाळीतून आत पाहिलं होतं. त्याच्या हातची सगळी मशीनं गंजून तांबडी झाली होती आणि एकूण एक मशीनवर संपातल्या खंडेनवमीला पहारेकऱ्यांनी बांधलेला धागा जसाच्या तसा होता. तेव्हा तो जाळीला धरून रडला होता. मालकांना शिव्या दिल्या होत्या.

चहा निवला. अंबादासने तो पिऊन टाक म्हणून खूण केली.

पुढच्या खंडेनवमीला रत्नप्रभेने विचारलं, धागा कुठे बांधू? दशरथने दांडा दाखवला. मग दोघं गाडीतून नदीकाठच्या मातीत गेली. त्याने दांडा टाकला, धागा तट्कन तुटला, गाडी वीस पावलं चालून उभी राहिली.

"रीळ आणलंयस ना?" तो म्हणाला. "रविवारी दुसरा लागेल."