टेलरबाईंची टेप

टेलरबाईंच्या मापाला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. एकाच कापडी टेपवर त्यांनी तीस वर्षं अख्ख्या गल्लीचे कपडे बेतले. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे पोस्टमनच्या, यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली. डॉक्टरांनी तिथे जाळीची नळी बसवली. नळी आकसली तर पोटात पाणी साचेल, म्हणून रोज पोटाचा घेर मोजा, असं सांगितलं. तेव्हा बाईंना उलट धीरच आला. बाकी काही जमो न जमो, माप घेणं तर त्यांच्या हातचा मळ.

रोज सकाळी पोस्टमन भिंतीला पाठ टेकून उभे राहायचे, बाई टेप फिरवून वहीत आकडा लिहायच्या. चौतीस इंच. पुन्हा चौतीस. घेर वाढला तर शिलाई जास्त घेणार का, असं पोस्टमन दर दोन दिवसांनी विचारायचे. दर सहा महिन्यांनी एकदा रक्त तपासायचं. रिपोर्टवर लाल खूण दिसली नाही की बाईंचा जीव भांड्यात पडायचा.

यंदा पोस्टमनच्या पँटी कमरेत घट्ट होऊ लागल्या. बाईंनी टेप लावली, चौतीसच भरले. "कापड आटलंय," असं म्हणून त्यांनी तिन्ही पँटींची कंबर उसवून सैल करून दिली.

पुढच्या तपासणीला दवाखान्यात नवीन सिस्टर होत्या. त्यांनी वही पाहिली, तरी स्वतःची टेप काढून पोट मोजलंच. साडेपस्तीस. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"सिस्टर, मी टेप हातात धरली तेव्हा तुम्ही शाळेतही जात नसाल."

सिस्टर वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी बाईंची टेप मागून घेतली आणि टेबलावर दोन्ही टेपा शेजारी शेजारी लावल्या. बाईंचे चौतीस सिस्टरांच्या साडेपस्तीसवर येऊन थांबले. टेप वर्षानुवर्षं ताणली गेली होती, आणि पोट जितकं वाढलं तितकीच तीही वाढल्याने आकडा चौतीसवरच राहिला होता. अंगही तिनेच मोजायचं आणि कापडही तिनेच, त्यामुळे गिऱ्हाइकाचा कपडा कधी बिघडला नाही आणि चूक कधी उघडी पडली नाही. बाईंनी पँटींचं सगळं सांगून टाकलं.

सिस्टरांनी मग पाच वर्षांचे रिपोर्ट तारखेप्रमाणे मांडले आणि प्रत्येकावरच्या एकाच ओळीवर बोट ठेवलं. अल्ब्युमिन, यकृत तयार करतं ते प्रथिन. चार पूर्णांक चार, चार पूर्णांक एक, तीन पूर्णांक नऊ, असं उतरत शेवटच्या कागदावर तीन पूर्णांक सहा.

"एकेक कागद पाहिला तर सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण ओळीने लावले की उतरण दिसते."

त्याच दुपारी सोनोग्राफी झाली. नळी निम्म्याहून जास्त आकसली होती. तिसऱ्या दिवशी नळीच्या आत छोटा फुगा फुगवून ती पुन्हा रुंद केली. आणखी दोन महिने गेले असते तर यकृत हाती लागलं नसतं, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

घरी निघताना बाई सिस्टरांना शोधत गेल्या. काय बोलायचं ते जिन्यात दोनदा घोकलं होतं, पण समोर गेल्यावर सगळं विसरल्या.

"मी तुम्हाला टाकून बोलले. तुम्ही माझं ऐकलं असतं तर मी रोज चौतीस लिहीत बसले असते, आणि हे आज घरी निघाले नसते."

सिस्टरांनी आपली टेप त्यांच्या हातात ठेवली. "रोज लिहिण्यात तुमचं काही चुकलं नाही. टेप बदला, वही तीच ठेवा."

तीन आठवड्यांत पोटातलं पाणी ओसरलं. एका सकाळी पोस्टमन कामाला निघाले, आणि दारातूनच माघारी वळले. एका हाताने पँट कमरेशी धरलेली, चेहरा अगदी गंभीर.

"अहो टेलरबाई," ते म्हणाले, "कापड वाढलंय वाटतं."

बाई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग हसू थांबलं तरी पाणी थांबेना. त्यांनी मनातल्या मनात सिस्टरांचे आभार मानले, नवी टेप गळ्यात घातली आणि पँट पुन्हा उसवून कमरेत आवळायला घेतली.