बाटलीतलं पाणी कोणाचं

आरोहीच्या खालच्या डाव्या दाढेत साबुदाण्याएवढं भोक.

मोटर दुरुस्त होऊन आली त्या दिवशी नळाला आलेलं विटकरी पाणी.

सरपंच मालनबाईंच्या लेकीची हळद, शाळेच्या ओट्यावर अकरा जार.

शून्य पूर्णांक एक.

‘‘मग केस काळे व्हायचं औषध पण सोडा त्यात.’’

हे सगळं एका बाईच्या डोक्यात एकाच वेळी फिरत होतं, म्हणून इथेही ते असं सुटंसुटं पडलंय. बाईचं नाव लंकाबाई. वणीच्या खालच्या अंगाला टेंभुर्डी गाव, तिथली ती जलसुरक्षक. टाकीत क्लोरीन टाकायचं, गळती बघायची, आणि पाण्याचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेला धाडायचा, हे तिचं काम. ग्रामसभेत ती पुढच्या सतरंजीवर बसली होती आणि दातांच्या डॉक्टर सायली उभं राहून बोलत होत्या.

सायली नाशिकच्या. महिन्यापूर्वी त्यांनी शाळेत शिबिर घेतलं, एकोणसत्तर पोरांना आ करायला लावलं. एक्केचाळीस जणांच्या दाढा किडलेल्या निघाल्या. लंकाबाईची नात आरोही त्यातलीच. मग त्यांनी गावाच्या पाण्याचा अहवाल मागवला, तर फ्लोराइड शून्य पूर्णांक एक. म्हणजे जवळजवळ नाहीच. थोडं फ्लोराइड असलं की दात टणक राहतात, काही देशांत ते मुद्दाम नळाच्या पाण्यात मिसळतात, आपणही टाकीवर छोटा पंप बसवून मोजकं सोडू, असं त्यांचं म्हणणं. पंप एक संस्था देणार होती, वरची परवानगी त्या स्वतः आणणार होत्या. गावाने फक्त ठराव करायचा होता.

विरोधात होते गोटीराम. एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे समोर चार माणसं दिसली की त्यांचा आवाज आपोआप स्टँडवरचा व्हायचा. त्यांचा साडू विदर्भात. तिथे जमिनीतूनच इतकं फ्लोराइड येतं की पोरांचे दात पिवळे पडलेत आणि म्हाताऱ्यांचे गुडघे आखडलेत, हे त्यांनी तीनदा सांगितलं. सायलींनी तीनदा मान्य केलं आणि तीनदा प्रमाणाचा फरक समजावला. मग गोटीरामांनी दुसरी बाजू लावली. ज्याला दात टणक पाहिजेत त्याने पेस्ट आणावी. ज्याला नकोत, ज्याला मुळी दातच उरले नाहीत, त्याने नळाचं पाणी सोडून काय प्यायचं? आज दातांसाठी टाकाल, उद्या आणखी कशासाठी. त्यावर मागून कोणीतरी केसांचं बोललं आणि टक्कल पडलेल्यांनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या.

सभा रंगली होती. फक्त लंकाबाई हसत नव्हती.

कारण अहवालातलं ते पाणी गावाच्या नळाचं नव्हतंच.

नमुना न्यायला गाडी आली तो नेमका मोटर बसवल्याचा दिवस. नळाला विटकरी पाणी. दोन तास सोडून दिलं की निवळतं, हे तिला ठाऊक होतं, पण गाडीवाला हॉर्नवरचा हात काढेना. घरी आलेल्या माणसाला ती कधी तळाचं, गाळाचं पाणी देत नाही. मग अख्ख्या गावाचं पाणी तसं लालभडक जिल्ह्याला दाखवायचं? शाळेच्या ओट्यावर हळदीच्या पाहुण्यांसाठी आणलेले जार होते. तिने बाटली शिकवल्याप्रमाणे तीनदा विसळली आणि जारातून भरून दिली. प्रयोगशाळेत फक्त जंतू बघतात, अशी तिची समजूत. जंतू नाही निघाले तर गावाचं नावच होईल, एवढाच तिचा हिशेब.

पंप हवा असणाऱ्यांना मालनबाईंनी हात वर करायला सांगितलं. सतरंजीवर हातांचं रान उगवलं.

लंकाबाईने मागे पाहिलं. जारवाला जमील भिंतीला टेकून अहवालाचा कागद वाचत होता. क्षारांच्या आकड्यापाशी तो थांबला, भुवया चढवल्या आणि सरळ तिच्याकडे बघितलं. त्याचा प्लँट पाण्यातले क्षार आणि फ्लोराइड गाळून टाकतो, त्या पाण्याचे आकडे त्याला नावासारखे पाठ. त्याने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि छताकडे बघत बसला. सांगणार नाही, असा त्याचा अर्थ.

आता गप्प राहिलं की झालं. बोललं तर हातातलं काम जाणार, चार माणसांत मान जाणार. आणि गप्प राहिलं तर आरोहीच्या तांब्यात काय पडणार, हे कोणालाच माहीत नाही.

ती उठली.

‘‘हात खाली घ्या जरा,’’ ती म्हणाली. ‘‘ते पाणी आपलं नाय. जमीलभाऊचं हाय. मी भरलं होतं.’’

 मग तिने सगळं सांगितलं, हॉर्नसकट. गोटीरामांना विरोध नेमका कशाला करायचा हे काही क्षण सुचेना. सायलींचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

‘‘मावशी, खरं पाणी किती आहे मग?’’ त्यांनी विचारलं.

लंकाबाईने तपासणीची पेटी आणली, त्यातली फ्लोराइडची बाटली तिने आजवर उघडलीच नव्हती. एका नळीत जारचं पाणी, दुसरीत शाळेच्या नळाचं, दोन्हींत औषधाचे थेंब. पुढच्यांनी माना घातल्या, मागचे बाकावर चढले. जारची नळी गुलाबीच राहिली, म्हणजे फ्लोराइड नाही. नळाच्या पाण्याचा रंग पिवळटाकडे झुकला. तक्त्याशी लावून पाहिलं, तर एकच्या किंचित अलीकडे. सायलींनी मनात बेरीज केली आणि खुर्चीवर बसल्या. वरून आणखी सोडलं असतं तर पाणी धोक्याच्या हद्दीला जाऊन टेकलं असतं.

‘‘पुरेसं आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘टाकायची गरज नाही. पण मग दाढा का किडल्या?’’

नळ्या बघायला पुढे घुसलेल्या पोरांनीच सांगितलं. शाळेत दोन वर्षांपासून जार येतो, घरीही जार, वर मधल्या सुट्टीत पेप्सीच्या कांड्या. नळाचं पाणी फक्त गुरं आणि गोटीरामबाबा पितात. गोटीरामांनी ताबडतोब तोंड उघडून बत्तिशी दाखवली. चार दाढा कमी होत्या, पण त्या एसटीच्या खड्ड्यांत गेल्या म्हणाले.

ठराव बदलला. शाळेत नळाचं पाणी, कांड्या बंद, दर तीन महिन्यांनी सायलींचं शिबिर. जमीलनेही हात वर केला. ‘‘ताई,’’ तो लंकाबाईला म्हणाला, ‘‘पुढच्या वेळी नमुना पाहिजे असला तर सांगून न्या. चांगल्या जारातला देतो.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी लंकाबाई राजीनाम्याचा कागद घेऊन मालनबाईंच्या ओट्यावर गेली. मालनबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी कागद वाचला, त्यावर मेथीची देठं ठेवली, गुंडाळून टोपलीत टाकला आणि नव्या नमुन्याला गाडी कधी येणार ते विचारलं.

जलसुरक्षकाच्या जागेसाठी पंचायतीने अर्ज मागवले होते तेव्हा, पाच वर्षांपूर्वी, एकच अर्ज आला होता, लंकाबाईचा.