लोखंडावर संशय

मी तार बोलतेय. शिडाच्या होडीची डोलकाठी ताणून धरणारी पोलादी तार. परभणी जिल्ह्यात शिडाची होडी कुठून आली, असं विचाराल. इथे धरण आहे, वारा आहे आणि भक्ती आहे. एवढं पुरे.

भक्ती वालूरची, कॉलेजात शिकणारी. एका क्लबाने मोडीत काढलेली होडी तिने मागून आणली, तिच्याबरोबर मीही आले.

उन्हाळ्यात पाणी आटलं की तिचे भागवतमामा डोलकाठी उतरवायचे आणि विहिरीच्या मोटारीची केबल गुंडाळावी तशी मला करकचून गुंडाळायचे. मायेनेच. पण माझं टोक एका नळीत दाबून बसवलेलं. दरवेळी मान वाकायची ती तिथेच. नळीच्या आत माझे बारीक धागे एकेक करून तुटत होते. बाहेरून मी चकचकीत.

यंदा भक्तीला राज्याच्या संघाची निवड चाचणी द्यायची होती. तारेच्या जागी लावायला तिने करडी दोरी आणली. हलकी, आणि म्हणे तारेइतकीच मजबूत.

मामांनी दोरी हुंगली. "पिलास्टिकच हाय ना? बैलाचं दावं असलंच आणलं होतं. एका उन्हाळ्यात भुगा झाला. बैल पिंगळीच्या ठेसनावर घावला."

"मागच्या बारीला मानवतला घावला म्हणलाव."

"तू बैलाचं सोड. वाऱ्यात दोरी तुटली तर डोलकाठी तुझ्याच डोक्यात पडंल."

लिंबाच्या फांदीला दोरी बांधून सोयाबीनची तीन पोती टांगली. दिवस मावळेपर्यंत ती तुटली नाही, फक्त बोटभर लांबली. मामांना तेवढंच हवं होतं.

"बघ, ढिली पडली. तारच लाव."

भक्तीने मला हातात घेतलं. तिच्या जिवाचा प्रश्न, आणि मला तोंड नाही.

"मामा, हिला कधी टांगून बघितलं का?"

"लोखंडाला कशाला टांगायचं? लोखंडावर बी संशव घ्यायलीस?"

"घ्यायलेय."

"उद्या माझ्यावर घेशील."

"तुमच्यावर तर त्या बैलापासून हाय."

तीच फांदी, तीच पोती. दुसरं पोतं चढलं आणि माझी मान नळीतून तुटून आली. सोयाबीन अंगणभर सांडलं. कोंबड्यांची चंगळ झाली.

मामा माझं तुटलेलं टोक निरखत बसले. धागे आतून केव्हाच तांबूस झालेले. मग स्वतःच दोरी उचलून होडीकडे निघाले. "रोज किती लांबती ते बघावं लागंल," एवढंच बोलले.

दोरीने डोलकाठी धरली. भक्तीचं नाव संघात आलं.

मी आता मामांच्या अंगणात धुणं वाळत घालायची तार आहे. धुरपदामामी ओली गोधडी माझ्यावर टाकतात आणि शेजारणीला सांगतात, "लोखंड हाय, जलमभर जायचं न्हाई."

माझं दुसरं टोकही नळीतच आहे. कुणीतरी एकदा बघा.