गुडघ्याएवढा रायवळ

मी रायवळ आंबा बोलतोय. म्हणजे गुडघ्यापर्यंतच मी. वरचा सगळा माल दुसऱ्यांचा.

रोपवाटिकेच्या मालकांच्या मुलीने सहाव्या वर्षी एक कोय चोखून धुण्याच्या दगडामागे फेकली. तिथे मी उगवलो. पाणी तिनेच घातलं. आठ वर्षांनी फळलो. फळ लिंबाहून थोडं मोठं, पिकलं तरी अर्धं हिरवं, दातांत रेषा अडकवणारं. पहिल्या घोटाला आंबटाने तिचा एक डोळा मिटायचा, मग गोडी यायची. रस कोपरापर्यंत ओघळायचा, तो ती चाटायची.

मालक म्हणाले, "रायवळाला कोण विचारतं?" माझं डोकं उडवून त्यांनी तीन कलमं बांधली. हापूस केशरी, बिनरेषेचा, देठापाशी नाक नेलं की खोली भरेल असा. पायरी खांद्यावर लाल, रस पातळ, आंबटगोड. तोतापुरी लांबट, चोचीची, जाड सालीची. वास बेताचा, गोडीही बेताची. मालक गिऱ्हाइकांना डोळे मिटायला लावून फोडी भरवायचे. "सांगा, कुठला?" सगळे वाहवा करायचे. मुळं कुणाची, हे एकानेही विचारलं नाही.

कलमाखाली माझा फुटवा आला की मालक तो खुडायचे. एक फुटवा तेवढा मुलीने पाण्याच्या पिंपामागे वळवून लपवला.

पुढे तिने कॉलेज सोडलं. मालकांनी तिचं पुढचं सगळं ठरवून टाकलं होतं.

"बाबा, मी काय झाड आहे?"

"झाड असतीस तर ऐकलं असतंस."

खोटं. मी ऐकलं नव्हतं. मला बांधलं होतं. मोठी माणसं बांधतात आणि ऐकलं म्हणून सांगतात. ती पिशवी भरून गेली. जाताना पिंप जरा बाजूला सरकवलं, फुटव्याला ऊन मिळावं म्हणून. चार वर्षं झाली.

मालकांचे गुडघे गेले, वाकणं बंद झालं. त्या काळात पिंपामागच्या फुटव्याची फांदी झाली. यंदा तिला पाच आंबे लागले.

आज पिंप गळायला लागलं म्हणून हलवलं आणि मालकांना फांदी दिसली. त्यांनी चाकू उघडला.

मालकीणबाई दारातूनच म्हणाल्या, "तिची आहे ती. हात लावलात तर बघा."

मालकांनी खाली पडलेला एक पिकला आंबा उचलला, शर्टाला पुसला, चोखला. एक डोळा मिटला. रस कोपरापर्यंत गेला.

"आंबट आहे," ते म्हणाले. मग साल उलटी करून पुन्हा चोखली. चाकू मिटून खिशात ठेवला आणि बराच वेळ फाटकाकडे बघत उभे राहिले.

फोन ते करणार नाहीत. त्यांना मी ओळखतो. चूक गिळतील, कबूल करणार नाहीत. म्हणून मीच बोलतोय. पोरी, पाच होते, चार उरलेत. आठ दिवसांत पिकतील. डोळे मिटून खा, कुठला ते तुला कुणी विचारणार नाही.